जलदुर्गांचा दगड, चुना आणि शिसें

कोंकण किनाऱ्यावरील जलदुर्गांचा इतिहास आजवर मुख्यत्वें राजकारणाच्या व आरमाराच्या दृष्टीनें लिहिला गेला आहे. दुर्ग कोणीं बांधला, कोणत्या सालीं तो कोणाच्या हातीं गेला, ह्या प्रश्नांचा ऊहापोह अनेक विद्वानांनीं केला आहे आणि तो अवश्यच होता. परंतु ज्या साहित्यानें हे दुर्ग उभे राहिले तें कोणत्या विचारानें निवडलें, आणि साडेतीनशें वर्षें खाऱ्या लाटांचा मारा सोसून त्याचें आज काय झालें आहे, हा प्रश्न गवंड्यांचा म्हणून आपण बाजूस ठेवतों. प्रस्तुत लेखकाच्या अल्प मतीप्रमाणें हें योग्य नव्हे. बखरकार अतिशयोक्ति करतो, कागदास कसर लागते. भिंत मात्र जसें घडलें तसें अंगावर वागवीत उभी असते.

ह्या लेखास तात्कालिक कारणहि आहे. जुलै २०२५ मध्यें मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची नोंद युनेस्कोच्या जागतिक वारसा यादींत झाली. त्यांपैकीं खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार सागरसान्निध्याचे आहेत. नोंद झाली म्हणजे लोकांचें लक्ष वाढणार, लक्ष वाढलें म्हणजे दुरुस्त्या होणार, आणि दुरुस्त्या व्हावयाच्या म्हणजे त्या कोणत्या साहित्यानें, हा प्रश्न उपस्थित होणार. पद्मदुर्ग व कुलाबा हे दोन दुर्ग ह्या यादींत नाहींत. तथापि ह्या प्रश्नाच्या निर्णयास त्यांचीच साक्ष अधिक उपयोगी आहे, असें पुढें दिसून येईल.

१. समुद्राचे चार आघात

समुद्रकांठीं बांधणाऱ्यास चार शत्रूंशीं गांठ असते. पहिला लाटेचा धक्का. हा सर्वांस दिसतो, आणि म्हणूनच त्याची धास्ती अधिक वाटते. दुसरा क्षार. खारें पाणी दगडाच्या छिद्रांत शिरतें, उन्हानें आटतें, आणि मागें मिठाचे स्फटिक ठेवून जातें. हे स्फटिक वाढतांना दगडाचा कण कणापासून सुटा करतात. भरती-ओहोटी दिवसांतून दोनदां होत असल्यामुळें भिजण्याचा व सुकण्याचा हा खेळ अखंड चालतो. तिसरा शत्रु पाऊस. चार महिने ओल हटत नाहीं, आणि भिंतीच्या पोटांतील माती व चुना धुपून जाऊं लागतात. चौथा गंज. खाऱ्या हवेंत लोखंड लौकर गंजतें. गंजलेलें लोखंड मूळच्या लोखंडापेक्षां कितीतरी पटींनीं अधिक जागा व्यापतें, आणि ज्या दगडास धरून ठेवण्यासाठीं तें घातलें त्यालाच फोडतें.

ह्या चार आघातांपैकीं पहिल्यास जड व कठीण साहित्य उत्तर देऊं शकतें. परंतु उरलेल्या तिहींपुढें केवळ काठिण्य पुरत नाहीं. ही गोष्ट लक्षांत ठेविली म्हणजे जुन्या बांधणाऱ्यांनीं केलेली निवड समजणें सोपें जातें.

२. ग्रंथांचा आधार

कौटिल्यानें अर्थशास्त्रांत दुर्गांचे प्रकार सांगतांना औदक म्हणजे जलवेष्टित दुर्गास प्रथम स्थान दिलें आहे. तट दगडी असावा, लांकडाचा करूं नये, कारण लांकडांत अग्नि दबा धरून बसलेला असतो, असा त्याचा अभिप्राय आहे. साहित्याची निवड त्याच्या आजच्या बळकटीवरून न करतां त्याच्या पोटांत कोणता नाश लपला आहे हें पाहून करावी, हें तत्त्व त्यांत सूत्ररूपानें आलें आहे.

चुन्यास संस्कृतांत ‘सुधा’ हा शब्द आहे. अमृत आणि चुना असे त्याचे दोन्ही अर्थ होतात, आणि सुधेनें लिंपलेलें तें ‘सौध’, ह्यावरून राजवाड्याचें नांवच चुन्यावरून पडलेलें दिसतें. आपला ‘चुना’ हा शब्द मात्र ‘चूर्ण’ ह्यापासून आलेला, म्हणजे कामाच्या जागेवरचा आहे. कवीनें त्यास सुधा म्हटलें. गवंड्यानें चुना म्हटलें.

सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें बृहत्संहितेंत ‘वज्रलेपा’चें प्रकरण घातलें आहे. कच्चीं टेंभुरणीचीं फळें, कच्चें कवठ, सांवरीचीं फुलें, सालईचें बीज, धामणीची साल आणि वेखंड हीं एक द्रोण पाण्यांत उकळून अष्टमांश काढा उरवावा. मग त्यांत बोळ, गुग्गुळ, बिब्बा, राळ, जवस, बेल इत्यादि द्रव्यांचा कल्क मिसळून तो लेप तापवून देवळें, वाडे, मूर्ति, भिंती व विहिरी ह्यांस लावावा, असें तो सांगतो. लेपाच्या आयुष्याचा त्यानें दिलेला आकडा कोटिवर्षांचा आहे. तो स्तुतीचा समजून सोडून द्यावा. परंतु द्रव्यांची यादी सोडण्याजोगी नाहीं. डिंक, राळ, तेल आणि चिकट फळें हीं सर्व पाण्यास अटकाव करणारीं किंवा कण कणास धरून ठेवणारीं द्रव्यें आहेत. महाराष्ट्रांतील जुन्या चुन्यांत बेलफळ, गूळ, उडीद व हिरडा घालण्याची जी चाल गवंड्यांच्या परंपरेनें आजपर्यंत आली आहे, तिच्यांत बेल तर नांवानिशीं तोच आहे. एवढ्यावरून एकाची दुसऱ्यापासून व्युत्पत्ति लावण्याचें साहस आम्ही करीत नाहीं. दोहींमागील विचार एकाच जातीचा आहे, इतकेंच म्हणतों.

त्याच प्रकरणांत ‘वज्रसंघात’ नांवाचा एक योग मयाच्या नांवावर दिला आहे. आठ भाग शिसें, दोन भाग कांसें व एक भाग रीतिका, म्हणजे सामान्यतः घेतल्या जाणाऱ्या अर्थानें पितळ, हें त्याचें प्रमाण. ह्या शिशाचा संबंध आतां सिंधुदुर्गाशीं येतो.

३. सिंधुदुर्गाचें शिसें

मालवणासमोरील कुरटे बेटावर सिंधुदुर्गाच्या कामास नोव्हेंबर १६६४ मध्यें आरंभ झाला आणि सुमारें तीन वर्षांत तो पुरा झाला. त्याच्या पायाचे चिरे शिसें ओतून बसविले, अशी परंपरा सर्वश्रुत आहे. किती खंडी शिसें लागलें त्याचे आकडेहि सांगतात. आकड्यांवर आमचा भर नाहीं. बखरी पुष्कळ मागाहूनच्या आहेत, आणि खंडी ह्या मापाचेंहि देशपरत्वें भिन्नत्व आहे. परंतु परंपरा मुळांतच असंभाव्य आहे काय, हा प्रश्न निराळा. त्याचें उत्तर नकारार्थी द्यावें लागतें.

साधा चुना घट्ट होण्यासाठीं हवेंतील कार्बनवायु शोषून घेतो. चुनखडी किंवा शिंपले भट्टींत जाळले म्हणजे हाच वायु बाहेर पडतो व कळीचा चुना उरतो. तो पाण्यांत विझवून भिंतींत घातला म्हणजे गेलेला वायु हळूहळू परत घेऊन पुनः दगड होतो. जळून गेलेलें शरीर परत मिळविण्याची ही क्रिया मोठी चमत्कारिक खरी, पण तिला हवा लागते आणि अवधि लागतो. पाण्याखालीं हवा नाहीं, आणि दोन भरत्यांच्या मध्यें अवधि नाहीं. सबब निव्वळ चुना पायांत धरण्यापूर्वींच धुपून जाणार. ह्या अडचणींतून वाट काय? शिसें ही एक वाट. तें बेताच्या आंचेवर वितळतें, सांध्यांत ओतलें कीं तत्काळ गोठतें, थोडेंसें दबतें पण तडकत नाहीं, आणि लोखंडासारखें गंजून फुगत नाहीं. दगडास दगड जोडणाऱ्या लोखंडी पट्ट्यांभोंवतीं शिसें ओतण्याची चाल प्राचीन ग्रीकांतहि होती, ती ह्याच कारणानें. वराहमिहिराच्या योगांतहि अकरा भागांपैकीं आठ भाग शिसेंच आहे. तेव्हां सिंधुदुर्गाची परंपरा आंकड्यांत वाढलेली असली तरी तिच्या बुडाशीं खरा अनुभव असावा, असें अनुमान निघतें.

परंतु शिसें महाग. तीं खंडोगणती विकत घेऊन बेटावर न्यावयाचीं तर राज्याची तशीच निकड पाहिजे. सर्वत्र ही वाट परवडणारी नव्हती, आणि म्हणूनच दुसऱ्या दोन वाटा निघाल्या.

४. चुन्यावांचून बांधलेला कुलाबा, आणि सुरखीचा चुना

अलिबागेसमोरील कुलाबा किल्ल्याचें काम शिवछत्रपतींच्या अखेरच्या दिवसांत, १६८० मध्यें सुरू झालें व संभाजी महाराजांच्या वेळीं पुरें झालें. ह्याचा बाहेरचा तट पाहणारास प्रथम आश्चर्य वाटतें, कारण त्याचे प्रचंड दगड चुन्यावांचून एकावर एक रचलेले आहेत. अज्ञ प्रवासी ह्यास काम अपुरें राहिल्याचें लक्षण समजतो. वस्तुतः ह्या रचनेंत मोठें धोरण आहे. लाट येऊन आदळते तेव्हां तिचें पाणी दगडांच्या फटींत शिरून विभागलें जातें. धक्क्याचा जोर मोडतो, आणि पाणी आलें त्या वाटेनें परत जातें. जेथें चुना टिकावयाचा नाहीं तेथें तो घालूंच नये आणि दगडाच्या वजनावर विसंबावें, हें ह्या कुलाब्याचें उत्तर होय.

तिसरी वाट म्हणजे चुन्यासच पाण्याखालीं धरण्यास शिकविणें. भाजलेल्या विटांची भुकटी, जिला आपण सुरखी म्हणतों, ती चुन्यांत मिसळली असतां दोहोंचा असा संयोग होतो कीं त्यास हवेची वाट पाहावी लागत नाहीं. रोमन लोक हेंच काम नेपल्सजवळील ज्वालामुखीच्या राखेनें करीत. इ. स. पूर्व पहिल्या शतकांतील विट्रुव्हिअसनें ह्या राखेचा महिमा सांगितला आहे, आणि रोमन धक्क्यांच्या आंत समुद्राचेंच पाणी झिरपून नवे स्फटिक तयार होतात व बांधकाम उलट घट्ट होत जातें, असें २०१७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या संशोधनावरून दिसतें. इंग्लंडांत जॉन स्मीटन ह्यानें एडिस्टन येथील खडकावरचा दीपस्तंभ १७५९ मध्यें पुरा केला, तेव्हां कोणता चुना पाण्याखालीं धरतो ह्याचे त्यानें प्रयोग केले आणि ज्या चुनखडींत चिकणमातीचा अंश आहे तीच उपयोगी, हें ठरविलें. पुढें १८८२ मध्यें तो स्तंभ उतरवावा लागला. कारण विलक्षण होतें. स्तंभ शाबूत होता, त्याच्याखालचा खडक झिजला होता. ह्या उदाहरणाकडे आपणांस लवकरच परत यावयाचें आहे.

आपल्याकडे चुना मळण्यासाठीं किल्ल्याकिल्ल्यांवर दगडी घाण्या केलेल्या असत. वर्तुळाकार चरांत जड दगडी चाक बैलांकडून फिरवून चुना, वाळू, सुरखी व पाणी हीं एकजीव होईपर्यंत घोटीत. अनेक गडांवर अशा घाण्या अद्यापि दृष्टीस पडतात. लोक त्यांजवळ उभे राहून छायाचित्रें काढतात. पण गडावरच्या तोफेइतकीच हीहि संरक्षणाची सामग्री होती, हें क्वचित् कोणाच्या ध्यानीं येतें.

५. जांभा आणि काळा दगड

दगडाच्या बाबतींत निवड बहुधा जवळ काय आहे ह्यावरून झालेली दिसते. दक्षिण कोंकणांत जांभा मुबलक. ह्या दगडास ‘लॅटराइट’ हें नांव फ्रान्सिस बुकॅनन ह्यानें मलबारांत पाहणी करून १८०७ मध्यें दिलें. लॅटिन भाषेंत त्याच्या मूळ शब्दाचा अर्थ वीट असा आहे, आणि तो यथार्थ आहे. खाणींतून काढतांना जांभा मऊ असतो, त्याचे चिरे हत्यारानें सहज तासतां येतात, आणि हवा लागल्यावर तो कठीण होतो. विजयदुर्गाच्या तटांत तो दिसतो. कोंकणांतील घरें, देवळें, गडगे व विहिरी तर बहुतेक त्याच्याच. परंतु जांभा सच्छिद्र आहे. तो पाणी पितो आणि परत सोडतो. ह्या गुणामुळेंच त्याचें घर उन्हाळ्यांत थंड राहतें, आणि ह्या गुणामुळेंच त्यावर काय लिंपावें हा प्रश्न नाजूक होतो. उत्तरेकडे काळा दगड मिळतो. तो घट्ट व जड, घडण्यास कठीण, पण लाटेच्या तोंडीं देण्यास योग्य.

शिवाय निवडीला वेळेचें बंधन असे. खांदेरीवर १६७९ मध्यें मायनाक भंडारी काम करीत असतां इंग्रजांचीं जहाजें बेटाभोंवतीं घिरट्या घालीत होतीं आणि सामान लहान होड्यांतून चोरून न्यावें लागत होतें. अशा प्रसंगीं उत्तम दगड दूरच्या खाणींतून आणण्याचा विचार करणें शक्य नसे. जो दगड पायाखालीं आहे तोच तटावर चढवावयाचा. जलदुर्गांची स्तुति करतांना ही अडचण आपण विसरतों, आणि त्यामुळें त्यांची खरी परीक्षा राहून जाते.

६. पद्मदुर्गाची साक्ष

दंडा-राजापुरीच्या समुद्रांत, जंजिऱ्याच्या उरावर, कांसा बेटावर पद्मदुर्ग आहे. १६७५ च्या आरंभीं त्याचें काम चालू होतें, आणि तेथील रसद वेळेवर न पोंचविणाऱ्या सुभेदारास महाराजांनीं लिहिलेलें अत्यंत कडक पत्र प्रसिद्ध आहे. सिद्दीचें आरमार समोर, पैका व धान्य वेळेवर नाहीं, आणि तट तर वर यावयास हवा, अशा स्थितींत तो बांधला गेला.

त्याच्या तटापाशीं गेल्यावर जें दिसतें तें अन्यत्र क्वचितच इतकें स्पष्ट दिसेल. दगड लाटांनीं व खाऱ्या वाऱ्यानें झिजून आंत गेले आहेत, आणि त्यांच्यामधील चुन्याचे सांधे बाहेर उभे राहिले आहेत. सर्व भिंत मधाच्या पोळ्यासारखी दिसते. प्रस्तुत लेखक पुष्कळ वर्षांपूर्वीं शाळेंतील मुलांस घेऊन तेथें गेला होता. तेव्हां सर्वांप्रमाणेंच मींहि मुलांस सांगितलें, ‘पाहा, दगड झिजला, पण महाराजांच्या कारागिरांचा चुना झिजला नाहीं.’ एका मुलानें विचारलें, ‘गुरुजी, मग दगडच झिजला तर तट राहील का?’ त्या वेळीं मीं त्यास हंसून गप्प केलें. आज मला वाटतें, प्रश्न त्याचा बरोबर होता व उत्तर माझें अपुरें होतें.

चुना टिकला हें खरें, आणि तो मळणाऱ्यांचें कौशल्य वादातीत आहे. परंतु ह्या भिंतीचा दुसरा वाचनार्थहि संभवतो. सांधा घट्ट आणि दगड सच्छिद्र असला म्हणजे भिंतींत शिरलेलें खारें पाणी सांध्यांतून बाहेर पडूं शकत नाहीं. तें दगडाच्या वाटेनें बाहेर येतें आणि आपलें मीठ दगडांतच ठेवून जातें. मग झिजावयाचें तें दगडानें. उलट सांधा दगडापेक्षां किंचित् मऊ व सच्छिद्र असेल तर मीठ सांध्यांत सांठतें, सांधा झिजतो, आणि पांचपन्नास वर्षांनीं तो उकरून नवा भरतां येतो, दगड वांचतो. सांधा बदलतां येतो, दगड बदलतां येत नाहीं. एडिस्टनचा स्तंभ टिकून खडक झिजला, त्यासारखाच हा प्रकार झाला. पद्मदुर्ग घाईनें, मिळेल त्या दगडानें आणि उत्कृष्ट चुन्यानें बांधला गेला असावा, आणि चुन्याची ती उत्कृष्टताच दगडास थोडी भोंवली असावी, असें आमचें अनुमान आहे. भिंतीचे नमुने तपासून तज्ज्ञांनीं तें खोडून काढल्यास आम्हांस आनंदच वाटेल. ह्यांत बांधणाऱ्यांस कमीपणा नाहीं. तट उभा राहिला, त्याचें त्या काळचें काम झालें, आणि वर साडेतीनशें वर्षांनीं तो आपणांस शिकवीत आहे.

७. लांकडाविषयीं अमात्यांचा विचार

टिकाऊपणाचा विचार केवळ एका इमारतीपुरता करून भागत नाहीं. जेथून साहित्य येतें त्या मुलुखाच्या टिकाऊपणाचाहि विचार करावा लागतो. ह्या बाबतींत रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राइतका स्पष्ट आधार आपल्या वाङ्मयांत दुसरा नाहीं. इ. स. १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या ह्या ग्रंथांत आरमाराच्या प्रकरणीं ते म्हणतात कीं, सागवान वगैरे थोर वृक्ष राज्यांतील अरण्यांत असतील ते परवानगीनें तोडावे, अधिक लागल्यास परमुलुखांतून खरेदी करून आणावें. परंतु आंबा-फणस हीं झाडें आरमाराच्या उपयोगाचीं असलीं तरी त्यांस हात लावूं देऊं नये. कारण तीं वर्षां-दोन वर्षांत होत नाहींत. रयतेनें तीं लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात. एखादें झाड जीर्ण होऊन कामांतून गेलें असेल तर धन्यास राजी करून, द्रव्य देऊन, त्याच्या संतोषानें तोडावें. गडांच्या प्रकरणींहि गडावर झाडें लावावीं, असलेलीं राखावीं, प्रसंगीं तेंच लांकूड उपयोगीं पडेल, असा त्यांचा उपदेश आहे.

जें साहित्य उद्यां पुनः मिळणार नाहीं तें आज कितीहि टिकाऊ असलें तरी राज्यास परवडत नाहीं, हा त्या उपदेशाचा मथितार्थ. हाच न्याय चुन्यास व दगडास लावतां येतो. शिंपल्यांचा चुना उत्तम, पण खाड्या खरवडून शिंपले काढणें उत्तम नव्हे. जांभा उत्तम, पण डोंगरच्या डोंगर चिरेखाणींनीं पोखरणें उत्तम नव्हे. पडलेल्या तटाचे चिरे तेथल्या तेथें पुनः चढविणें हाच पहिला उपाय, नवा दगड हा शेवटचा.

८. आमचा प्रमाद

आतां सिमेंटाविषयीं. जोसेफ ॲस्पडिन ह्यानें पोर्टलंड सिमेंटाचा हक्क १८२४ मध्यें नोंदविला, आणि पुढें शंभर वर्षांत चुना मागें पडला. सिमेंट वाईट, असें म्हणण्याचा वेडेपणा आम्ही करणार नाहीं. बंदरें, पूल व धक्के आज त्यावांचून होत नाहींत. परंतु त्याच्या पोटांत लोखंडी सळया असतात, आणि कौटिल्याच्या लांकडांत जसा अग्नि तसा समुद्रकांठच्या लोखंडांत गंज दबा धरून बसलेला असतो. सळईवर सिमेंटाचें जाड व घट्ट आच्छादन नसेल तर क्षार आंत पोंचतो आणि कांहीं वर्षांतच भिंत आंतून फुटते. मालवणांतच, सिंधुदुर्गाच्या दृष्टिपथांत, राजकोट येथें ४ डिसेंबर २०२३ रोजीं अनावरण झालेला शिवछत्रपतींचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजीं कोसळला. त्या वेळीं गंजलेल्या सांधेखिळ्यांची चर्चा पुष्कळ झाली. त्या वादांत शिरण्याचें हें स्थळ नव्हे. समुद्राची हवा कोणाची भीड धरीत नाहीं, एवढाच बोध घ्यावा.

ह्याहून सूक्ष्म अपाय जुन्या भिंतीवर नवें सिमेंट लावल्यानें होतो, आणि ह्या पापांत प्रस्तुत लेखकाचा वांटा आहे. दक्षिण कोंकणांतील आमच्या मूळ गांवीं खाडीच्या कांठीं एक जांभ्याचें देऊळ आहे. सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं त्याचा जीर्णोद्धार निघाला, आणि मास्तर म्हणून मंडळींनीं माझें मत विचारलें. जुना चुन्याचा गिलावा जागोजाग सुटला होता. गांवचा एक म्हातारा गवंडी म्हणाला, ‘गुरुजी, जांभो पाणी पिता नि सोडता, तेचा तोंड बांधू नकात.’ मीं ती जुनाट समजूत ठरविली. चुना खरवडून काढला, सिमेंटाचा गुळगुळीत गिलावा झाला, देऊळ नव्यासारखें दिसूं लागलें, आणि सर्वांनीं माझें अभिनंदन केलें. दहाबारा पावसाळ्यांनंतर गिलाव्यास फुगवटे आले. एके ठिकाणीं तो फोडून पाहिला तेव्हां आंतल्या चिऱ्याची तांबडी माती झाली होती. बोट घातलें तों तें मुळापर्यंत आंत गेलें. ओल आंत कोंडली होती, आणि मिठानें दगड पोखरला होता. शेंकडों पावसाळे सोसलेला चिरा माझ्या एका मतानें बारा पावसाळ्यांत संपला. तो गवंडी तोंवर वारला होता, त्यामुळें क्षमा मागण्यासहि कोणी उरलें नव्हतें. चुना सुटत होता म्हणजे तो आपलें काम करीत होता. दगडाचें मरण स्वतःवर घेत होता. हें मला तेव्हां कळलें नाहीं, आणि ज्यास कळत होतें त्याचें मीं ऐकलें नाहीं.

९. उपसंहार

वरील विवेचनावरून इतकें निष्पन्न होतें. पहिलें, समुद्रकांठचें टिकाऊ साहित्य म्हणजे सर्वांत कठीण साहित्य नव्हे. शेजारच्या दगडाशीं जुळणारें, ओल सोडणारें आणि पुनः दुरुस्त करतां येणारें तें टिकाऊ. दुसरें, जुन्या बांधणाऱ्यांचा एकच ठराविक कित्ता नव्हता. पाण्याखालीं शिसें किंवा सुरखीचा चुना, लाटेच्या तोंडीं चुन्यावांचून रचलेले जड दगड, वर जांभा व त्यावर चुन्याचा गिलावा, असा स्थळपरत्वें त्यांचा विवेक होता. तिसरें, दुर्ग टिकले ते केवळ बांधण्यानें नव्हे, वारंवार केलेल्या डागडुजीनें टिकले. डागडुजी थांबली त्या दिवसापासून त्यांचा नाश सुरू झाला.

ह्यावरून दोन विनंत्या कराव्याशा वाटतात. एक, किल्ल्यांच्या दुरुस्तीचें काम ज्यांच्याकडे आहे त्यांनीं जुना चुना खरवडण्यापूर्वीं त्याचे नमुने स्थळाच्या नोंदीसह जपून ठेवावे व तपासावे, आणि नवा चुना त्यावरून ठरवावा; जुन्या भिंतीवर सिमेंटाचा हात फिरवूं नये. दुसरी विनंति आपल्या अभ्यासकांस आहे. दफ्तरांतून लढायांचे व तहांचे कागद आपण मोठ्या कष्टानें शोधले. आतां इमारतखर्चाच्या यादींकडे वळावें. चुना किती, गूळ किती, घाणीच्या बैलांची वैरण किती, गवंड्यास रोज काय, ह्या रुक्ष वाटणाऱ्या ओळींतच वज्रलेपाची खरी कृति लपलेली असण्याचा संभव आहे. आणि गांवोगांवीं जे दोनचार म्हातारे गवंडी अजून हयात आहेत, त्यांचें म्हणणें लिहून घ्यावें. कागद आणखी पन्नास वर्षें थांबतील; तीं माणसें थांबणार नाहींत.

सिंधुदुर्गावर शिवछत्रपतींच्या हाताचा व पायाचा म्हणून दाखविला जाणारा ठसा आहे. तो चुन्यांत आहे. ओला असतांना चुन्यानें तो घेतला, आणि पुढें दगड होऊन आजपर्यंत राखला, असें लोक श्रद्धेनें सांगतात. तो ठसा ज्या साहित्यानें राखला त्यास ओळखणें, ही त्या श्रद्धेचीच पुढची पायरी होय.